हातमोजे आतून पिवळे

१९ एप्रिल १९९३, सोमवार

हळद! सुमेधाला लग्नात हळद हवी आहे. लग्न चर्चमध्ये, नवरा वेल्सचा, झगा पांढरा, केक तीन मजली – आणि दोन दिवस आधी घरी हळद.

"आई, ती हळद आपण करूया ना. इट्स जस्ट कल्चर."

म्हटलं, आपल्यात करत नाहीत. "आपल्यात म्हणजे कोणात?" मी कांदा चिरत राहिले. चार पिढ्यांचे ख्रिस्ती आम्ही. माझ्या पणजीने बाप्तिस्म्याच्या सकाळी कुंकू पुसलं, हातापायांची हळद घासून काढली. मिशनच्या मडमेने स्वतः साबणाची वडी दिली होती म्हणे. ती वडी घरात कित्येक वर्षं पूजेत असल्यासारखी ठेवलेली! हे सगळं या पोरीच्या एका 'कल्चर'मध्ये कसं बसवायचं?

यांना विचारलं. हे पेपरात. "ताईला विचार," म्हणाले. चौतीस वर्षांच्या संसारात यांचं एकच उत्तर.

२१ एप्रिल, बुधवार

ताई म्हणजे यांची मोठी बहीण, प्रमोदिनीताई. वय बहात्तर, लग्न केलं नाही. सासूबाई लवकर गेल्या, यांना ताईंनीच वाढवलं. इथे लंडनजवळ हाउन्स्लोला एकट्या राहतात. महिन्यातून एक रविवार भाड्याच्या हॉलमधली मराठी उपासना चालवतात आणि बाकीचे दिवस आम्हाला.

फोन केला. ताई म्हणाल्या, "मधुमती, मुलीला हळद लागली तर मी लग्नाला येणार नाही." आणि फोन ठेवला.

यांना सांगितलं तेव्हा पेपर खाली आला. चेहरा असा झाला यांचा की मलाच वाईट वाटलं. ताई समोर नसतील तर हे लेकीला हात धरून चर्चमध्ये नेणार कसे? आणि लेक म्हणते हळद हवीच. मी मधल्या मधे. माझं काय मत आहे हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

२ मे, रविवार

आता व्हिकर, म्हणजे इथल्या चर्चचे पाळक! सुमेधा त्यांच्यापाशी बोलून बसली. व्हिकर खूश. हळद घरी कशाला, चर्चमध्येच करू म्हणतात. सगळ्या पॅरिशला, म्हणजे अख्ख्या मंडळीला बोलवू, वेदीसमोर वाटी ठेवू, मी गिटार वाजवीन. चर्चच्या मासिकात फोटो छापू. समोसे मिळतील का? आमच्या चर्चमधून रंग फार वर्षं हद्दपार आहे, म्हणाले.

कुणी केला हद्दपार? साबणाची वडी देणारी मडम यांच्याच देशातून आली होती ना? पुसा म्हणणारे हेच, लावा म्हणणारेही हेच. आम्ही आपल्या ओले हात घेऊन उभ्या! हसून मान हलवली आणि घरी येऊन भांडी आपटली.

९ मे, रविवार

उपासना संपल्यावर सुमेधाने उत्तरेच्या भिंतीपाशी ओढत नेलं. दुरुस्तीत चुन्याचा पोपडा निघालाय. खाली रंगवलेली, लाल कपड्यातली एक बाई. अर्धाच चेहरा.

सुमेधा शाळेत इतिहास शिकवते, यंदा वर्गाला नेमका हाच काळ आहे. म्हणाली, साडेचारशे वर्षांपूर्वी या सगळ्या भिंती रंगवलेल्या होत्या. बायका आपला चांगल्यातला चांगला डोक्याचा रुमाल मरियेच्या मूर्तीला घालायच्या. ओटीसारखंच, आई. मग राजाने धर्माची रीत बदलली, फर्मान निघालं. मूर्ती फोडल्या, भिंतींना चुना, मेलेल्यांसाठी दिवे बंद, निम्मे सण बंद. कालपर्यंत ज्या दिवशी गाव नाचायचं त्या दिवशी आता शेतावर जायचं.

लोकांनी ऐकलं? मी विचारलं. काहींनी खुशीने ऐकलं, म्हणाली, त्यांना बायबल आपल्या भाषेत मिळालं, भटजीच्या तावडीतून सुटल्यासारखं वाटलं. (माझी पणजीही हेच म्हणायची. वाचायला शिकली ती! हे विसरायचं नाही.) काहींनी जपमाळा गादीत लपवल्या.

"मग कळायचं कसं, कुणी लपवलीय ते?"

"चर्चचे साहेब लोक गावोगाव प्रश्न घेऊन जायचे. अजून कोण माळ ओढतं, कोण दिवा लावतं. शेजारीच सांगायचे, आई. घरातले पण."

घरी आले आणि आमटी करपवली.

११ मे, मंगळवार

लिहूनच टाकते. कुणाला सांगितलेलं नाही.

१९५९, माझं लग्न. आदल्या दुपारी आईने स्वयंपाकघराचं दार लावलं. मिसळणाच्या डब्यातली हळद घेतली, तेलात कालवली, माझ्या हातापायांना लावली. गाणं नाही, बायका नाहीत. आम्ही दोघीच. "चुलीपाशी लावलेली देव मोजत नाही," म्हणाली. हसत होती.

मी तीनदा हात धुतले. दुसऱ्या दिवशी पांढरी साडी, डोक्यावर जाळीचा व्हेल, पांढरे हातमोजे. पाहुणे गेल्यावर ते हातमोजे माझ्या हातांतून काढून घडी करून ठेवले ते ताईंनी. बाहेरून स्वच्छ पांढरे. आतून पिवळे.

तिसऱ्या रविवारी पाळकांनी भर मंडळीत आईचं नाव वाचलं. तीन महिने प्रभुभोजन बंद. आई शेवटच्या बाकावर बसायची, भाकरीचं ताट तिच्यापुढून जायचं. दुसऱ्याच महिन्यात गेली. ताप आला आणि गेली. तशीच, न घेता.

हातमोजे एकाच बाईने पाहिले होते. चौतीस वर्षं मी त्या बाईला चहा करून देते आहे.

२० मे, गुरुवार

नवऱ्या मुलाच्या, गॅरेथच्या आईचा फोन. हळदीचा डाग कार्पेटवरून निघतो का? नाही निघत, म्हटलं.

४ जून, शुक्रवार

व्हिकरना सांगून आले – चर्चमध्ये नाही, घरी, माझ्या स्वयंपाकघरात. बिचारे हिरमुसले. धर्मशास्त्राची काही अडचण आहे का, त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही, आईची आहे. त्यांना कळलं नाही. समोसे पाठवीन म्हटलं तेव्हा जरा बरं वाटलं त्यांना.

मग ताईंना फोन. गुरुवारी तीनला हळद आहे, यायचं तर या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी असं बोलले. त्यांनी फोन ठेवला. हे बाहेर जाऊन बूट पॉलिश करत बसले. एक जोड चारदा.

१० जून, गुरुवार

ताई आल्या. बसने, एकट्या. हॉलमध्ये कुणाकडे न बघता थेट स्वयंपाकघरात. मी हळद कालवत होते. त्यांनी दार लावलं.

"पाळकांना मी सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"देवासाठी नाही सांगितलं. अडतीस वर्षांची होते मी. हातमोज्यांना हळदीचा वास येत होता. मला कुणी लावली नव्हती."

आणि दोन्ही हात ओट्यावर ठेवले. उताणे.

मी त्यांना ताटकळत ठेवलं. हो, ठेवलं. आईचं नाव तोंडाशी आलं होतं. बाहेरून सुमेधा हाका मारत होती. माफ केलं का? ठाऊक नाही.

आधी त्यांच्या हातांना लावली. उरलेली वाटी बाहेर नेली.