सगळ्यांत आधी मी पडले

प्रिय ठोंब्या,

एकवीस वर्षांनी पत्र, आणि त्यातही पहिला शब्द हाच. रागावू नकोस. बाबांनी ठेवलेलं हे नाव मला कधी शिवीसारखं वाटलंच नाही. तुझा पत्ता शिंपीकाकांनी दिला. तू त्यांना अधूनमधून पत्र टाकतोस हे त्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवलं, माणूस कपड्यांपेक्षा गुपितं जास्त चांगली शिवतो म्हणायचा. फोन करता आला असता, पण मी रडले असते आणि तू ‘बघतो’ म्हणून ठेवून दिला असतास.

बाबांना आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. हॉलमध्ये त्यांचा श्वास आणि बळाचा वर्ग चालू होता. पिंप कवटाळल्यासारखे हात पुढे धरून सगळे डोळे मिटून उभे होते, आणि बाबा नेहमीसारखे रांगांतून फिरत होते, कुणाचा खांदा खाली दाब, कुणाची हनुवटी आत घे. ते खाली कोसळले तरी कुणी हललं नाही. ते सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, आवाज झाला तरी लक्ष बेंबीखालच्या श्वासावरच ठेवायचं, ही त्यांचीच शिकवण. मी डोळे उघडले ते बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही म्हणून. आता बोलणं परत आलंय, पाय ओढत का होईना चालतात. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच राहतो.

आता जे लिहिते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला तो पालकांना बोलावलेला दिवस आठवतो का? मी तेरा वर्षांची, तू नऊचा. तोवर बाबा शिकवत होते ते सगळं खरं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. श्वास खाली न्यायचा, वजन तळपायात सोडायचं, मन एका जागी बसवायचं. नुसता तळवा छातीवर टेकवून ते धिप्पाड माणसाला तीन पावलं मागे सारायचे. गाडी शिकवणारे मास्तर रात्ररात्र जागायचे, त्यांना बाबांनी उभं राहायला शिकवलं आणि झोप लागायला लागली. पण त्या दिवशी अंगाला न शिवता, नुसत्या बळानं पाडून दाखवतो म्हणून बाबा माझ्यापासून तीन हात लांब उभे राहिले आणि त्यांनी हवाच ढकलली. काही झालं नाही. पुन्हा ढकलली. मागून कुणीतरी खोकलं. बाबांचे कान लाल झालेले मला दिसले आणि मला ते बघवेना. मी पडले.

टाळ्या पडल्या. मग शिंपीकाका पडले, मग मास्तर. छातीवर गरम लाट आदळली असं दोघंही नंतर सांगत होते, आणि ते खोटं बोलत होते असं मला अजूनही वाटत नाही. मला पडताना पाहून त्यांच्या अंगानं ते उचललं असावं. मग तुझी पाळी आली आणि तू नाक खाजवत उभाच राहिलास. बाबा म्हणाले, याचं मन बंद आहे, ठोंब्या आहे नुसता. सगळे हसले, मीही हसले. पुढे तू एकोणीस वर्षांचा असताना भरल्या हॉलमध्ये त्यांनी तुला तीनदा समोर घेतलं, तीनदा तू उभा राहिलास, आणि संध्याकाळी बॅग घेऊन घराबाहेर पडलास. मी जिन्यापर्यंतसुद्धा आले नाही. माझं एक वाक्य तुला घरात ठेवू शकलं असतं. ते मी गिळलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन परत पडले.

हे एवढंच असतं तर मी त्याच्यासकट मेले असते, तुला त्रास दिला नसता. झटक्यानंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिले तीन महिने महत्त्वाचे, हात रोज शेकडो वेळा हलवून घ्या. एक फिजिओ यायची, हसरी पोरगी, बाबांना कपड्यांचे चिमटे उचलायला लावायची. बाबा ते चिमटे भिरकावून द्यायचे. नवव्या दिवशी त्यांनी मला समोर उभं केलं. म्हणाले, बळ अजून माझ्यात असेल तर तू पडशील, मग श्वासानं मी ते हातापर्यंत नेईन, नसेल तर ही फिजिओ सांगेल तसं करीन. लक्षात येतंय ना तुझ्या? वाट त्यांनी स्वतःच मोकळी करून दिली होती. मला फक्त उभं राहायचं होतं. मी ठरवलंही होतं, पायाची बोटं जमिनीत रोवली होती. त्यांनी डावा हात उचलला. तोंड वाकडं झालेलं, हनुवटीवर लाळ. आणि मी पडले. दया आली म्हणून पडले, की एकतीस वर्षांच्या सवयीनं गुडघे आपोआप सुटले, मला खरंच सांगता येत नाही. त्या दुपारी बाबांनी फिजिओचे आभार मानले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. मी ऐकत उभी होते.

तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ खिडकीपाशी बसतात आणि हाताकडे श्वास नेतात. ऊब लागते म्हणतात. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी बोटं उघडून पाहिली, उघडली नाहीत. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, आता यातून काही निघणार नाही. तेव्हाच सुरुवात केली असती तर, असं मी विचारलं. कप धरता आला असता, शर्टाची बटणं लावता आली असती, म्हणाले. रोज सकाळी बाबांची बटणं मी लावते.

परवा बटणं लावतानाच ते म्हणाले, “ठोंब्याला बोलाव. तो एकटाच माझ्याशी खरा वागला. त्याला समोर उभा राहू दे, मग माझं मला कळेल.” एकतीस वर्षं मी त्यांच्यासाठी जमिनीवर आपटत आले, आणि विश्वास कुणावर, तर तुझ्यावर. हसावं की रडावं? शेवटचं बटण लावून मी आत निघून गेले.

तेव्हा तू ये. पण उभा राहू नकोस. तू उभा राहिलास तर हात काही परत येणार नाही, तो कशापायी गेला एवढंच त्यांना कळेल, आणि मग मी सकाळी त्यांच्यासमोर जाऊ कशी? हे त्यांच्यासाठी मागतेय की माझ्यासाठी, विचारू नकोस. ज्यासाठी तू घर सोडलंस तेच तुझ्याकडे मागतेय, हे मला कळतं. फक्त लगेच पडू नकोस, तुझ्याकडून ते त्यांना पटणार नाही. पहिल्यांदा अजिबात हलू नकोस. दुसऱ्यांदा श्वास अडकल्यासारखा कर, टाच जराशी उचल. तिसऱ्यांदा बाजूला पड, मागे नको, डोकं आपटतं. गादी मी घालून ठेवते.

तुझीच,
ताई