शेजारी गप्प बसण्याचं काम

प्रिय ठमाबाई,

इथल्या विद्यापीठात तांत्रिक लेखनाला प्रवेश घेऊ का, असं तू फोनवर कितीदा विचारलंस आणि मी दर वेळी ‘बघू गं’ म्हणून वेळ मारून नेली. तुझा बाबा म्हणतो, आत्या याच कामात मुरलीय, तिलाच विचार. मुरलेय खरी. वाफ घेण्याचं यंत्र घरी कसं लावावं, रक्तदाब कसा मोजावा, याच्या माहितीपुस्तिका लिहिता लिहिता केस पिकले. लोक त्या खोक्यातच ठेवतात आणि यंत्र अडलं की आमच्या नावाने खडे फोडतात.

तरी मला हे काम आवडतं. वाक्यं आटोपशीर करायला, आकृत्या काढायला वर्गात शिकवतात, ते कुणालाही जमतं. अवघड असतं ते चाचणीच्या दिवशी गप्प बसणं. यंत्र कधीच न पाहिलेल्या माणसापुढे पुस्तिका ठेवायची, आपण शेजारी बसायचं आणि तो कितीही चाचपडला तरी मदत करायची नाही. त्याचा हात जिथे अडतो, तिथलं आपलं वाक्य चुकलेलं असतं.

गेल्या सुट्टीत तू माझ्याबरोबर ऑफिसात आलीस, त्या दिवशी वाफेच्या यंत्रावर एका म्हाताऱ्या शिंप्याची चाचणी होती. नळी उलटी धरून बिचारा घामाघूम झाला. मी मख्खासारखी बसून होते. तू मात्र उठून त्याच्या हातावर हात ठेवलास आणि म्हणालीस, “आजोबा, घाई नाही, आपण दोघं मिळून लावू.” अख्खी चाचणी पाण्यात गेली. साहेब माझ्यावर डाफरले, मी तुझ्यावर. जाताना तो म्हातारा तुलाच शोधत होता.

तुझे आतोबा शेवटच्या आजारात तेच यंत्र लावायला शिकत होते, तेव्हाही मी सवयीने नुसती बघत बसले. ते हसून म्हणाले, “अगं, मी गिऱ्हाईक नाही, नवरा आहे.” मी हसले आणि नळी लावून दिली, पण त्यांना सांगावं लागलं, ही रुखरुख काही जात नाही.

परवा वहिनीच्या बोलण्यातून कळलं, की तुला तिकडे नर्सिंगलाही जागा मिळालीय आणि तू ती सोडायला निघालीस. ‘आत्या एकटी पडलीय, तिच्याजवळ राहून शिकते’ असं म्हणालीस म्हणे. लबाड, माझ्याशी यातलं अवाक्षरही बोलली नाहीस. मी तरी कुठे कमी आहे? तू येणार म्हणून आतोबांची खोली रिकामी केली, नवे पडदेसुद्धा शिवून आणले. ‘ये’ म्हणायला जीभ नुसती शिवशिवतेय. पण ठमे, कुणी अडलं की तुझा हात आपसूक पुढे जातो. तो आवरायला लावणाऱ्या कामात माझ्यासाठी येऊन पडू नकोस. नर्सिंगची जागा घे. खोलीचं काय करायचं ते मी बघेन.

तुझीच,
आत्या