पाव्हण्यांपुढचा भाकरतुकडा

प्रिय आत्या,

“भाकरतुकडा ववाळून टाकायचा आसतो गं, बशीत घालून पाव्हण्याफुडं ठिवायचा नसतो.”

हे तुम्ही म्हणालात त्याला एकवीस वर्षं झाली. ऋतुजाचा, माझ्या लेकीचा, पहिला वाढदिवस होता. परंड्याच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत सतरंजीवर पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. मी आतून बशा आणून ठेवल्या आणि तुम्ही, माझ्या सासूबाई, सगळ्यांच्या देखत पहिली बशी उचलून आत घेऊन गेलात. मग दुसरी. मग तिसरी. एकीनं तुकडा तोंडात टाकला होता. तिला चावू की गिळू ते कळेना!

आज लिहायचं कारण सरळ आहे. येत्या रविवारी ऋतुजाचा साखरपुडा आहे, आपल्याच घरी. आणि पाव्हणे टेकले की त्यांच्या हातात पहिली बशी जाणार आहे ती त्याच तुकड्यांची. कडक भाकरी, गूळ, काळं तिखट. तुम्हाला जाऊन दहा महिने झाले. तुमच्या माघारी चोरून केल्यासारखं मला हे करायचं नाही, म्हणून आधी कळवते.

विचारत नाही हं, आत्या. कळवते.

सुमन वन्संना तुमच्याही आधी कळलं. आचाऱ्यानं त्यांना फोन करून विचारलं, की वहिनी मंच्युरियन नको म्हणतात, मग सुरुवातीला ठेवायचं काय? तुमची लेक ती! लगेच मला फोन.

“सविता, डोकं फिरलं का तुझं? मुलाकडची मान्सं येनार, आन तू भाकरीचं तुकडं वाढनार?”

“हो, वन्सं.”

“आई आसती तर?”

“आत्या असत्या तर बशी उचलली असती. आता बशी जागेवर राहील.”

बोलून गेले. तुमच्या लेकीला मी असं कधी बोलले नव्हते. तुम्हाला तर नाहीच.

तुमचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. लग्न होऊन आले तेव्हा उंबऱ्याबाहेर उभं करून तुम्हीच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळलात आणि हात मागं नेऊन असा लांब भिरकावलात की तो समोरच्यांच्या पत्र्यावर वाजला! बाळंतपणाहून आले तेव्हाही तेच. माणसाच्या अंगावरची दृष्ट, वाटेवरचं बरंवाईट त्या तुकड्यानं घ्यायचं आणि बाहेर जायचं. असला तुकडा तोंडात घालत नाहीत, हे मलाही माझ्या आईनं शिकवलं होतं.

पण म्हणून भाकरी मोडली की प्रत्येक तुकडा तसलाच होतो का? रोज सकाळी तुम्ही चहात भाकरी मोडून खायचात, ते काय होतं हो?

खरं कारण तुम्ही बायका गेल्यावर सांगितलंत. मी बशा धूत होते. तुम्ही दारात उभ्या राहून, हळू आवाजात म्हणालात, “सुतकातलं खानं हाय ते. शेडातलं. माज्या नातीच्या वाढदिसाला न्हाय पायजे मला.”

आणि मी पुढची बशी विसळायला घेतली.

आत्या, तो पदार्थ पहिल्यांदा कशासाठी केला होता, हे तुम्ही कधी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. आता ऐकाच.

किल्लारीच्या भूकंपानंतर सास्तूरला, माझ्या माहेरी, आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मी बारा वर्षांची. धाकटा भाऊ गेला होता. आई कामं करायची, पण बोलायची नाही. कुठकुठल्या गावांनी पोती भरून भाकरी पाठवल्या होत्या. येईपर्यंत त्या वाळून कडक व्हायच्या. त्या कुणाच्या अंगावरून ओवाळलेल्या नव्हत्या, आत्या. आमच्यासाठी थापलेल्या होत्या. कुणा अनोळखी बायकांची बोटं उमटलेली असायची त्यांच्यावर.

एक दिवस शेजारच्या खोलीतल्या मुलीला सात वर्षं पुरी झाली. तिची आई म्हणाली, “औंदा कशाचा आलाय वाढदिस?” माझी आई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. म्हणाली, “पोर जिती हाय न्हवं? मग वाढदिस हाय.”

तिनं भाकरी मोडल्या. गूळ होता, तिखट होतं, लसणाचे दोन गड्डे कुणीतरी आणून दिले. एका पातेल्यात सगळं परतलं आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर वाटलं. आमच्या रांगेतली सगळी पोरं आली. आधी गोड लागायचं, मग तिखट चढायचं, आणि कुडुम कुडुम वाजायचं. एवढ्या दिवसांत पोरं पहिल्यांदा हसत खिदळत होती, आणि आई त्यांना ओरडत होती, “दमानं खावा रं, दात मोडतील!”

ही मेजवानी होती, आत्या. सुतकातली नव्हे, सुतक संपवायला केलेली! तुम्ही ज्याला शेडातलं म्हणालात, त्या शेडातला तो पहिला वाढदिवस होता.

वन्सं म्हणतात, “लई स्वस्तातलं दिसंल गं ते.” आहेच स्वस्तातलं. ज्वारी, गूळ, तिखट, लसूण, मूठभर तीळ. प्रत्येक घरात असतं. घरात असलेल्या गोष्टींची लाज कशी वाटून घ्यायची, हे मला अजून जमलेलं नाही.

तुम्हाला वाटेल, काय करायचंय त्यात! करून बघा. भाकरी पातळ थापायची, तव्यावरून उतरवल्यावर मंद विस्तवाशी उभी करून पार वाळवायची. दोन बोटं रुंद तुकडे करायचे. कढईत तेलावर ठेचलेला लसूण, मग चिरलेला गूळ. गूळ विरघळून फेस आला, की चिंचेचा कोळ, मीठ, काळं तिखट, तीळ, आणि लगेच तुकडे. सगळं त्या ‘लगेच’वर आहे. परवा मी अंदाज घ्यायला घाणा केला. ऋतुजा काहीतरी विचारायला आली, मी तिच्याकडं वळले आणि तेवढ्यात पाक पुढं गेला. तुकड्यांचा एकच दगड झाला. तिनं तो ताटातून अख्खा उचलला आणि म्हणाली, “आई, हा सुमनआत्याच्या ताटात ठेवू या.” इतक्या दिवसांनी तुमच्या स्वयंपाकघरात दोघी पोट धरून हसलो.

दुसरा घाणा जमला. तिनं एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, मग म्हणाली, “याला स्टार्टर म्हणतात, आई. हे हॉटेलात लांबड्या बशीत देतात.” मी म्हटलं, आपण आपल्याच बशीत देऊ. तिला शेडची गोष्टही तेव्हाच सांगितली, पहिल्यांदा. ऐकून म्हणाली, “मग एवढी वर्षं का नाही केलंस?”

काय उत्तर देऊ? आत्या, तुमच्यावर चिडून मी हे पत्र लिहायला बसले, आणि तिच्या त्या प्रश्नापाशी येऊन अडकले. तुम्ही एकदाच बशी उचललीत. एकवीस वर्षं तिला हात लावला नाही तो मी. भूकंपातल्या गावाचं नाव टाळून तुम्ही शेजारणींना “सून औशाकडची हाय” सांगायचात, तेव्हा मी चहा गाळत शेजारी उभी असायचे. एकदा तरी म्हणायचं होतं ना, नाही हो, सास्तूरची! तुमच्या समोर तोंड उघडलं नाही आणि आता फोटोला हार आहे तर केवढी धीट झाले आहे. याची मला लाज वाटते. पण म्हणून रविवारी माघार घेणार नाही. उशिरा आलेलं धाडस असलं, तरी ते वापरायचंच.

आणि हेही ऐकून ठेवा. आईच्या त्या पदार्थात एक बदल मी केला आहे. वरून येसर भुरभुरते, आमटीत घालतो तो. तुमचा येसर! डाळी आणि धान्य किती भाजायचं, वास कधी फिरतो, हे तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून शिकवलंत. दुसऱ्या बाळंतपणात ताप उतरेना तेव्हा तीन दिवस माझ्या उशाशी बसलात त्याही तुम्हीच. म्हणून तर तुमच्यावर नीट रागवताही येत नाही. तर तो येसर त्या गुळावर पडला, की काय वास सुटतो म्हणून सांगू! रागवा. खुशाल रागवा.

शब्द देते, आत्या. लग्नानंतर जावई उंबऱ्यात आला, की मी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळीन, तुमच्याइतकाच लांब भिरकावीन. त्यात काही चुकू देणार नाही. आणि हाही शब्द देते, की रविवारी बशी मागं येणार नाही. कुणी हसलं तर हसू दे. कुणी विचारलं, “हे काय नवीन?” तर मी सांगेन, माझ्या माहेरचं आहे, सास्तूरचं, पोरगी जिवंत असल्याच्या आनंदात करतात.

माझी आई शनिवारीच येणार आहे. भाकरी तीच थापणार म्हणते. गुडघे दुखतात, तरी ऐकत नाही. तुमच्या हयातीत ती या घरी चार-पाचदाच आली, आणि दर वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी बसली. तुम्ही तिला जेवू घातलंत, लुगडं नेसवलंत, सगळं केलंत. फक्त हाक कधी मारली नाहीत. मला म्हणायचात, “तुज्या आईला च्या दे.”

रविवारी मी तिला पुढच्या खोलीत, तुमच्या जागेवर बसवणार आहे. ती लाजेल, सारखी दाराकडं बघत राहील. तेव्हा एक करा, आत्या. तिला एकदा ‘विहीणबाई’ म्हणा.

म्हणणार नाही तुम्ही. मला माहीत आहे.

तुमची सून,
सविता