सत्कार झाला, आता जाऊ कुठे

मुक्काम भिवापूर (हे कोणाले सांगू नको)

तीर्थस्वरूप देवकीताईले,

धाकटा भाऊ जागेश्वरचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची शुगर? इकडे सारे मजेत. (सारे म्हणजे मी सोडून.)

ताई, तू आमच्यासाठी अमेरिकेचा अर्ज भरला तेव्हा आमचा हर्षित सहा वर्षांचा होता. एकोणीस वर्षं रांगेत काढली. मागच्या महिन्यात नंबर लागल्याचं पत्र आलं अन् आनंदाच्या भरात मी पहिली ओळच वाचली. तेवढ्यावर इतवारी बाजारातल्या साऱ्या भांडेवाल्यांत बातमी गेली. शेजारच्या दुकानाचे भैयाजी, त्यांनी त्याच रविवारी माझा निरोपसमारंभ ठेवला. शाल, नारळ, पितळेचा तांब्या. भाषण करता करता ते रडलेसुद्धा. (माझ्या दुकानाच्या जागेकडे पाहून रडले, असं तुझ्या भावजयीचं, गोपिकाचं मत आहे.)

घरी आल्यावर उरलेलं पत्र हर्षितनं वाचलं. एकवीस वर्षांवरचं लेकरू त्यांच्या कायद्यात लेकरूच नसते म्हणे. आम्ही दोघांनी जावं, तिथून त्याच्यासाठी नवा अर्ज भरावा अन् त्यानं नव्यानं रांगेत लागावं. वकिलाले विचारलं, तर तो म्हणाला, सात-आठ वर्षं तरी धरा, अन् तोवर मुलानं लग्न करायचं नाही. गोपिकानं सारं शांतपणे ऐकून घेतलं अन् एवढंच म्हणाली, "पोराले इथं टाकून मी बर्फ पाहायले जात नाही."

विषय संपला. मी बराच वेळ शाल पांघरून बसून राहिलो. (मे महिना होता.)

पण घेतलेला सत्कार वापस कसा करतात, हे कोणाले विचारावं? म्हणून आम्ही दोघं गुपचूप गोपिकाच्या माहेरी आलो, अन् हर्षितनं दुकानात सांगितलं, आईबाबा गेले. अकरा दिवस झाले, मी सासऱ्यांच्या ओट्यावर मिरचीचे देठ खुडून राहिलो. काल भैयाजींचा फोन आला. मी 'हॅलो' म्हणेपर्यंत सात-आठ शिंका आल्या. ते म्हणाले, "जागेश्वर, लय थंडी दिसते गा तिकडे. सांभाळून राहा." मी हो म्हटलं. काय म्हणणार? सायंकाळी हर्षितनं कळवलं, भैयाजींनी घरी कुटलेल्या काढ्याची पुडी आणून दिली, बाबाले अमेरिकेत पाठव म्हणून. ताई, तेव्हापासून मले घास गोड लागत नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
जागेश्वर

ता. क. : तू दिवाळीपर्यंत इकडे येशील काय? म्हणजे मी नागपूरच्या विमानतळावर तुझ्या बॅगा ढकलत तुझ्यासोबतच बाहेर निघतो. भैयाजींना सांगता येईल, करमलं नाही, वापस आलो.

आणखी ता. क. : गोपिका म्हणते, बॅगांचं राहू द्या, खरं काय ते लिहा. खरं असं, की एकोणीस वर्षं आम्हीच तिकडे येणार होतो, म्हणून 'ताई, तूच ये वं' हे म्हणायचं राहूनच गेलं.