चौकटीवरची रेघ

"हालू नका," म्हणत तुमच्या बहिणीनं, आशानं, माझ्या डोक्यावर पाटी ठेवली आणि दाराच्या चौकटीवर कोळशानं रेघ ओढली. मग ती जुन्या रेघेशी ताडून पाहिली. "कमी तं नाई झाले," म्हणाली.

भैयाजीभाऊ, नमस्कार राहिलाच. वहिनी, पोरं, कोरपन्याचा कापूस, सगळं ठीक असेल. (फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र.) पोळ्याला सगळ्यांसमोर तुम्ही मला आळशी म्हणालात, त्याबद्दल काही नाही. पण डॉक्टर म्हणतात, माझ्या शरीरात वाढीचं हार्मोन कमी पडतं. या वयात वाढून कुठं जायचं, मी विचारलं. तर मोठ्या माणसाची ताकद, हाडं, उमेदही त्यावरच चालते म्हणे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती ते बनवते. मग त्यांनी कारणं विचारली. त्या ग्रंथीत गाठ? डोक्याचं ऑपरेशन? किरणांचा उपचार? डोक्याला मार? (आशानं लगेच मी मोहाच्या झाडावरून पडल्याचं सांगितलं. पडलो होतो, पण पाठीवर.) मी नाही, नाही म्हणत गेलो, आणि मला वाटू लागलं की कारणच नसेल तर आजारही नसावा. शेवटी त्यांनी विचारलं, कधी साप चावला होता?

"चावला नं," आशा म्हणाली. "धानाच्या रोवणीत. घोणस. लघवी बंद झाली होती, मशीनवर रक्त धुतलं. पण त्याले तं लय वर्सं झाले. बांधावर नागोबा बसवला, पंचमीले दूध देतो. मिटलं ते."

मिटलं नव्हतं. त्या विषानं ग्रंथीचा रक्तपुरवठा तेव्हाच तुटला असावा, असं डॉक्टरांना वाटतं. म्हणजे साप मेला, मी वाचलो, आणि चावणं चालूच राहिलं. हे मला अजून नीट कळलेलं नाही. दूध नेमकं कशाबद्दल देत होतो, तेही. पक्की तपासणी नागपूरला होईल.

तुमचा
खुशाल, चामोर्शी

ता. क. पंचमीचं दूध चालू ठेवायचं का, वहिनींना विचारून कळवा.

ता. क. आशाच्या वाट्याची धानाची बांधी तुम्ही माझ्याकडून काढून इथल्या डोमाला बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला देणार, असं कळलं. द्या. माझ्यानं आता चिखल तुडवला जात नाही. फक्त जावई आळशी आहे म्हणून देऊ नका. आजारी आहे म्हणून द्या.

सकाळी: आशानं पुन्हा मोजलं. तेवढाच आहे. डोमा बांधी पाहायला आला होता. पत्र पेटीत टाकायला त्याच्याजवळच दिलं.