लॅमिनेट केलेली कुपनं

प्रिय बाबा,

सकाळी आईचा फोन आला, म्हणून लिहायला बसले. तुमच्या जुन्या डायरीत तिला आणखी एक कुपन सापडलंय. बगदादचं, लढाईच्या वर्गणीचं. पुढच्या आठवड्यात ती इकडे जर्मनीत, डार्मश्टाटला येतेय, तेव्हा आणणार आहे. म्हणाली, "प्रवासात चुरगळेल गं. चारला दुकान उघडलं की बाकीच्यांसारखं लॅमिनेट करून घेते."

 मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला.

तुम्ही बगदादला क्रेन दुरुस्त करायचात आणि सुट्टीत जुन्या बाजारात हे कागद शोधत फिरायचात. इजिप्तचे युद्धरोखे, अल्जीरियाची देणगीकुपनं. "आपल्या गणपतीच्या पावत्या असतात ना, तशाच. फक्त लढाईच्या," असं पाहुण्यांना सांगायचात. पाहुणे जांभया द्यायचे. मीही द्यायचे, बाबा. आता कुठलं कुपन कुठलं, हे कुणाला विचारू?

हॉस्पिटलमध्ये तुम्ही कुपनांची फाइल माझ्या हातात दिलीत. "तिकडच्या संग्रहालयात दे. लोक बघतील." आणि मी काय केलं? विमानात खराब होऊ नयेत म्हणून एकूण एक कुपन लॅमिनेट केलं. गुणपत्रिकेपासून रेशनकार्डापर्यंत घरातलं सगळं तुम्हीच लॅमिनेट करायचात. मग हीच तेवढी का सोडली होतीत? एकदा तरी बोलायचं होतंत!

संग्रहालयातल्या बाई फाइल बघून "आख, शाडे" म्हणाल्या आणि हळहळल्या. प्लास्टिक काढायला गेलं तर कागदच फाटणार. फाइल परत मिळाली. त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोनवर सांगितलं, "घेतली बाबा, काचेच्या कपाटात लावणार आहेत." तुम्ही हसलात. चार दिवसांनी गेलात.

तेव्हापासून दर रविवारी आई विचारते, "त्यांचं नाव लावलं का गं खाली?" मी म्हणते, इथे सगळ्याला टेर्मिन लागतो, आधी तारीख घ्यावी लागते, वेळ जातो. तिचं सोसायटीभर सांगून झालंय. फाइल माझ्या पलंगाखाली आहे, आणि ती ते कपाट बघायला येतेय.

लॅमिनेट करू नको म्हटलं, तर ती विचारणारच, मग बाकीच्यांचं काय झालं? गप्प बसले, तर हेही गेलं.

एक ते चार दुकानं बंद ठेवतात म्हणून तुम्ही पुण्यावर जन्मभर चिडलात. आज मला तेवढाच वेळ मिळाला. तिकडे आता पावणेचार झालेत.

वचन देते, बाबा, हे पत्र मिटते आणि आईला फोन लावते. ती रडेल. कदाचित बरेच दिवस बोलणार नाही माझ्याशी. पण तुमचं एक तरी कुपन हाताला कागदासारखं लागेल.

तुमची,
मनू