नव्या कुलपाआधीचे निरोप

चाचा,

पेणच्या तुमच्या टेलिफोन बूथवर मी कामाला लागलो, तेव्हा माझे कान तिखट आहेत हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत. दुबईतल्या नवऱ्याशी बोलताना काचेआड एखादी बाई रडायला लागली, की तुम्ही भर थंडीत पंखा पाचावर न्यायचात. बाकावरची माणसं कुरकुरायची. मला तरीही ऐकू यायचं. एकदा ऐकलेलं बाहेर बोलून गेलो, तर म्हणालात, "कान तुझे हायत, पण बात तिची हाय. बाजारात न्यायची नाय."

आता रोह्यात माझं इंटरनेटचं दुकान आहे. कोपऱ्यात एक मशीन फुकट चालू ठेवलंय. धाडणाऱ्याचं नाव लपावं म्हणून कुणाकुणाचे निरोप त्यातून जातात, ठिकठिकाणच्या अनोळखी माणसांच्या तीन मशीनच्या साखळीतून. प्रत्येकाला फक्त मागचा आणि पुढचा माहीत. कोण कुणाला काय सांगतंय, मला कळत नाही. माझ्यासारख्याला ही शिक्षाच, पण आवडते. तरी हल्ली मन थाऱ्यावर नाही. काउंटरवर बसतो, उठतो, मशीनचे दिवे बघून येतो. क्वांटम नावाचे नव्या जातीचे संगणक येताहेत. निरोप कुणी वाचू नये म्हणून त्यांवर गणिताची जी कुलपं असतात, ती आजची कुलपं ते पुढे कधीतरी फोडतील म्हणतात. म्हणजे आजचे बंद निरोप कुणी नुसते साठवून ठेवले तरी पुरे. म्हणून सगळीकडे जुन्या कुलपाशेजारी नवं लावायचं काम चाललंय. मी लावलं. पण साखळीतल्या बाकीच्यांनीही लावायला हवं, आणि निरोप धाडणाऱ्यानंही.

खांब गावचा माझा एक दोस्त कंपनीत ऑपरेटर आहे. कंपनी नदीत काय सोडते, ते तो याच वाटेनं एका पत्रकाराला कळवतो. नाव फुटलं तर नोकरी गेली. परवा त्याच्या फोनवर नवं कुलूप घालून दिलं.

"आता पक्कं ना, शेठ?"

"यापुढचं, बहुतेक."

"आणि आधीचं?"

"ते जुन्याच कुलपात गेलं. कुणी जपून ठेवलं असेल, तर उघडेल कधीतरी."

तो हसला. "माझ्या रिटायरमेंटपर्यंत थांबतील ना रे ते? पोराला पण तिथंच चिकटवायचाय." आणि उद्या पाण्याचा आणखी नमुना भरतो म्हणत शिफ्टला गेला.

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. 'आता पुरे कर' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बोललो नाही. त्या नदीचे मासे माझ्या घरी शिजतात, चाचा. तो नमुना मला हवा होता.